घेवड्याचं तिसरं पान

आवक वही, पान सात

काय आलं: शेण आणि गोठ्यातला केर, दोन ट्रॉल्या.
कुठून: धाकट्या भावाच्या गोठ्यातून.
जनावरांच्या चाऱ्यावर कसली फवारणी: नाही.
विचारून खात्री केली: हो.
सही.

सही तिचीच. वळणदार, काजाच्या टाक्यासारखी घट्ट. चौथी ओळ खोटी होती. तिसरी खरी की खोटी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हे कळायला तिला चार महिने लागले.

फळ्यावर

आता हा शेतीचा वर्ग कसा, ते आधी सांगायला हवं. बंद पडलेल्या शाळेची एक खोली. बाकं सहावीच्या पोरांची, बसणारे चौदा जण मोठे, गुडघे बाकाच्या फळीला टेकलेले. सकाळी दोन तास फळा, मग मागच्या दाराने बाहेर. बाहेर चौदा वाफे, प्रत्येक चार फूट रुंद, वीस फूट लांब. वाफ्यांच्या टोकाला खताचा ढीग, त्याच दोन ट्रॉल्यांचा, माणसाच्या छातीएवढा. ढिगापलीकडे विहीर आणि विहिरीकडचा अर्धा एकर. तो अर्धा एकर आठ महिन्यांच्या शेवटी चौदांतल्या एकाला पाच वर्षं कसायला मिळणार होता. कुणाला, ते बाई ठरवणार.

बाई म्हणजे शिकवणाऱ्या बाई. वय पस्तिशीचं, आवाज पन्नाशीचा.

आणि ती? बत्तीस वर्षं शिवणकाम केलेली, वय चोपन्न. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितली, तेव्हा मशीनवर चादर टाकून ती या वर्गात येऊन बसली. गळ्यात टेप मात्र तशीच. दोन रोपांतलं अंतर टेपने, वाफ्याची उंची टेपने, सरीची खोली टेपने. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव पडलं मोजपट्टी. नाव पाडणारे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, तिच्या शेजारच्या बाकावरचे आणि शेजारच्या वाफ्यावरचे.

त्या शुक्रवारी बाईंनी फळ्यावर एक गाय काढली. गाय शेळीसारखी झाली.

"बाई, ही दूध किती देते?" ड्रायव्हरनी विचारलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. गायीच्या तोंडाकडे एक बाण, पोटातून एक बाण, शेपटीखालून एक बाण, आणि शेवटी एक ढीग.

"काही तणनाशकं अशी असतात," बाई म्हणाल्या, "की गवताला काही करत नाहीत, फक्त रुंद पानांच्या झाडांना मारतात. म्हणून गवताच्या कुरणावर मारतात. ते गवत गाय खाते. गायीला काही होत नाही. औषध तिच्या पोटातून जसंच्या तसं शेणात उतरतं. शेण ढिगात जातं. ढीग तापतो, हात भाजेल इतका तापतो, तरी ते जात नाही. मग ते खत तुम्ही टोमॅटोला घालता."

"मग?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी हाताचा पंजा पुढे धरला आणि बोटं हळूहळू आत वळवली. "अशी पानं होतात. वाटीसारखी. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, सगळ्यांची. एक वर्ष, कधी दोन, कधी तीन. म्हणून कुणी फार स्वच्छ गवत दाखवलं, एकही तण नाही म्हणाला, तर खूश होऊ नका. विचारा. वहीत तो रकाना शोभेला नाही ठेवलेला."

तिला ट्रॉली भरतानाचा भाऊ आठवला. फावड्यावर रेललेला, घामेजलेला, वाळल्या गवताच्या पेंढीवर थाप मारणारा. "बघ तरी गवत! विंचरल्यासारखं. इकडचं तिकडचं एक पान नाही."

ती तेव्हा काय म्हणाली होती? "तुझं सगळंच बाबा झकास."

आणि वर्गात येऊन, ज्या हाताने कापडाला दोनदा टेप लावल्याशिवाय कधी कात्री लावली नाही, त्या हाताने लिहिलं होतं: विचारून खात्री केली, हो. नवरा गेला त्या वर्षी सहा महिने रोज सकाळी दारात दुधाची किटली ठेवून जाणारा भाऊ. ट्रॉली त्याची, डिझेल त्याचं, मेहनत त्याची. त्याला विचारायचं की बाबा रे, यात विष नाही ना?

फोन

"हॅलो, ताई. बोल."

"काही नाही रे. सहज. गायी कशा आहेत?"

"गायींना काय धाड भरली? तू कशी आहेस? डोळे?"

"डोळे आहेत जागेवर. वहिनी?"

"ती मागे टोमॅटोत. तुला दिलं तेच खत घातलंय यंदा. बोल ना, काय झालं?"

"अरे, ते गवत… गेल्या वर्षी तू घेतलेलं. ते कुणाकडून घेतलं होतंस?"

"का?"

"सहज."

"ताई, तू सहज गवताची चौकशी करणारी नव्हेस."

"वर्गात विचारतात रे. त्यावर काही मारलं होतं का, म्हणून."

पलीकडे गायीची साखळी खणखणली.

"विकणाऱ्याला मी काय विचारणार? तो म्हणाला चांगलं आहे, मी बघितलं, चांगलं होतं. घेतलं. तू माझ्याकडून दोन ट्रॉल्या नेल्यास, तेव्हा तू मला विचारलंस?"

"नाही."

"मग आता कसली उलटतपासणी? माझ्या शेणावर संशय आहे तुमच्या बाईंना?"

"तसं नाही रे—"

"दूध काढायचंय. ठेवतो."

सहा डबे

बिस्किटांचे डबे होते घरात, बटणं ठेवायचे. बटणं एका पिशवीत ओतली आणि डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. तीन डब्यांत निम्मी स्वच्छ माती, निम्मं ढिगातलं खत. ते तिने पदराआड एका पिशवीतून आणलं, चोरासारखं. उरलेल्या तीन डब्यांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येक डब्यात घेवड्याच्या तीन बिया, टेपने मोजून बोटभर खोल. ही परीक्षा बाईंनीच शिकवली होती, त्याच शुक्रवारी, गायीच्या खाली चार ओळींत. शंका असेल तर घेवडा पेरा. पहिली दोन पानं बघून निश्चिंत होऊ नका. ती बियाण्यातल्या शिदोरीवर वाढतात. तिसरं पान बघा. तिसरं मुळांनी ओढलेलं असतं.

शनिवारी पेरलं. खत पसरायचा सोमवार अजून सोळा दिवसांवर होता; तुकडा कुणाला, तेही बाई त्याच दिवशी जाहीर करणार होत्या.

बाईंना तेव्हाच का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक नियम होता: खोटी नोंद करणाऱ्याला विहिरीकडचा तुकडा मिळणार नाही. नोंद खोटी होती, खत चांगलं असलं तरी. घेवडा चांगला आला तर कुणाला कळणारच नाही. मग कशाला बोंब मारायची? आधी बघू. एवढाच तिचा हिशोब, आणि तो तिला फार शहाणपणाचा वाटला.

तिसरा दिवस: काही नाही.

पाचवा: काही नाही. दोनदा बोट घालून पाहिलं. तिसऱ्यांदा घालणार होती, पण हात मागे घेतला.

सहावा: पाच डब्यांत मान वर. दुपारी सहाव्यातही.

नववा: पहिली दोन पानं, सगळीकडे. रुंद, ताठ, इस्त्री केल्यासारखी. सहा डब्यांत काडीचा फरक नाही. त्या दिवशी ती बसमध्ये उगाचच खिडकीकडची जागा दुसऱ्या बाईला देऊन बसली.

बारावा: मधून तिसऱ्या पानाची सुई. मिटलेली. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, ही सुई मात्र चष्म्यावर भिंग धरून ती तासभर बघत राहिली.

लेक कामावरून आली. इस्पितळात नर्स, पायांत अजून तेच पांढरे बूट.

"आई, या घेवड्याला सलाईन लावू का?"

"थट्टा नको."

"मग सांग तरी काय चाललंय."

तिने सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. लेकीने बूट काढता काढता ऐकून घेतलं.

"तुकडा मिळू दे आधी," लेक म्हणाली. "मग म्हण, मला शंका आली, मी तपासलं. तुझंच कौतुक होईल."

"आणि तोवर चौदा वाफ्यांवर पसरलेलं असेल ते."

"एक-दोन वर्षं पीक वाकडं येईल. माणूस तर मरत नाही ना? आई, डोळे अधू झाल्यापासून तू पहिल्यांदा सकाळी गाणं म्हणत उठतेस. मला तेवढंच दिसतं."

यावर तिला राग आला, तो लेकीचा नव्हता. हेच सगळं ती स्वतःला दहा दिवस सांगत होती, फक्त आवाज आपला होता तेव्हा ते इतकं वाईट ऐकू येत नव्हतं.

प्रश्नपत्रिका, शनिवार, चौदावा दिवस

प्रश्न १. ढीग चाळण्याआधी तो तयार झाला, हे कशावरून ओळखाल?
उत्तर: जंगलातल्या मातीचा वास येतो. मुठीत दाबला तर गोळा होतो, बोटाने टोचला तर मोडतो. आत हात घातला तर गरम लागत नाही.

प्रश्न २. एका वाफ्याला किती खत?
उत्तर: दोन बोटं जाडीचा थर. (मी मोजून बघितलं, माझी दोन बोटं म्हणजे सव्वा इंच.)

प्रश्न ३. ढिगाच्या उष्णतेने काय नष्ट होत नाही?
उत्तर:

इथे पेन थांबलं. शेजारी ड्रायव्हर झरझर लिहीत होते. बसच्या अठ्ठावीस वर्षांत जेवढं लिहिलं नसेल तेवढं ते या आठ महिन्यांत लिहीत होते, जीभ दातांत धरून. त्यांनी तिचा कोरा प्रश्न पाहिला, खोकले, आणि कागद किंचित तिच्याकडे सरकवला. नक्कल करा, असं सांगणारं सरकवणं. तिने नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं: काही तणनाशकं. प्रश्न सोपा होता. पाच गुण.

बाहेर पडताना ड्रायव्हर म्हणाले, "मोजपट्टीताई, तुम्हाला नियम येतात, वाफा तुमचा पुस्तकात छापावा असा. तुकडा तुम्हालाच. आम्ही आपले विहिरीवर पाणी प्यायला येऊ."

"तुम्हाला नकोय का तो?"

ते जरा थांबले. "नकोय कसा? नातवंडांना दाखवायला काहीतरी हवंच ना. पण दुसरा नंबरही काही वाईट नसतो हो. बसमध्ये आम्ही कायम सर्वांत पुढे बसायचो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचो."

रविवार, पंधरावा दिवस

तिसरं पान उघडलं.

स्वच्छ मातीचे तीन डबे: तीन पानांचा पंजा, सपाट.

खताचे तीन डबे: एक सपाट. एक सपाट नाही. एक अजिबात सपाट नाही.

तिने खिडकी बंद केली, की वाऱ्याने असेल. डबे फिरवले, की उन्हाने असेल. पाणी तपासलं. भिंग लावलं, भिंग काढलं. शेवटी डोळे मिटले आणि अंगठ्याने पानाची कड चाचपली. बत्तीस वर्षं ज्या अंगठ्याने कापड ओळखलं, त्याला फसवणं अवघड होतं. टाक्याचा दोरा जास्त ओढला गेला की कापडाला चुण्या पडतात, कड वर येते, आणि मग इस्त्री फिरवा, पाणी मारा, काही केल्या बसत नाही. हे पान तसं होतं. आतून कुणीतरी दोरा ओढलेला.

पण तिसरा डबा? तो तर सपाट. मग काय धरायचं?

तीनपैकी दोन. तीन मापांत दोन चुकली, तर ती कधी काय करायची? कात्री खाली ठेवायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

तिने बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला नाही. आणि खरं सांगायचं, तर तो वाजत असताना तिने मनात म्हटलं होतं, उचलू नका.

सोमवार, सात वाजून वीस मिनिटं

पसरायला आठ वाजता सुरुवात होती. ती साडेसहाच्या बसला बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत सहा डबे. बस वळणावर वळली की ती डब्यांवर दोन्ही हात पसरायची. उतरली, शाळेच्या फाटकातून आत आली, वर्गाच्या खोलीला वळसा घातला.

ढीग एका बाजूने खचलेला होता.

ढिगाजवळ एकचाकी गाडी, गाडीजवळ ड्रायव्हर, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. आणि तिचा वाफा, क्रमांक नऊ, चार बाय वीस, काळा झालेला. एकसारखा, कडा सरळ, दोन बोटं जाडीचा थर. फळीने सारखा केलेला. टेप लावायची गरज नव्हती.

"या!" ड्रायव्हर म्हणाले. "सहापासून लागलोय. म्हटलं आज तुमचं नाव जाहीर व्हायचंय, पहिला मान तुमच्या वाफ्याला. बारा गाड्या! मोजा बघू, इंचाचा फरक निघाला तर सांगा."

मागून बाकीचे येत होते, दाताळी खांद्यावर, हसत. बाई येत होत्या, हातात वही, वहीत घडी घातलेला कागद. कुणीतरी दुसरी गाडी ढिगाला लावली, फावडं खुपसलं, उचललं.

"थांबा."

फावडं हवेत थांबलं.

"थांबा, ते पसरू नका, ते खत वाईट असेल, असेल म्हणजे तीनपैकी दोन डब्यांत आहे, माझ्या भावाच्या गोठ्यातलं आहे ते, गवत विकतचं होतं, मी विचारलं नव्हतं आणि वहीत विचारलं म्हणून लिहिलं, मला पंधरा दिवसांपासून शंका आहे, मी बोलले नाही, हे बघा, हे तिसरं पान बघा."

एवढं एका श्वासात. मग ती खाली बसली आणि पिशवीतून एकेक डबा काढून जमिनीवर मांडला. तीन इकडे, तीन तिकडे.

बाई गुडघ्यांवर बसल्या. पानं बोटांनी उलटी केली, देठ पाहिले, मधला कोंब पाहिला. बराच वेळ. तो सपाट डबा त्यांनी उचलून उजेडात धरला, तेव्हा तिला एक क्षण वाटलं, त्या म्हणतील, काही नाही हो, उगाच घाबरलात.

"याचा मधला कोंब वळतोय," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांनी हाही."

एकदम सगळे बोलले. दर गुरुवारी ढीग कुणी उलटला? चार महिने! पाठ कुणाची गेली? मी घरच्या कुंड्यांना नेलंय यातलं. मीही.

"पंधरा दिवस?" ड्रायव्हरनी विचारलं. फक्त तिलाच, हळू. "शनिवारी मी तुमच्याशी बोलत होतो, तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यांनी गाडीचे दांडे सोडले. गाडी एका अंगावर कलंडली.

बाईंनी वही उघडली, पान सात. "'विचारून खात्री केली' समोर हो लिहिलंय. का?"

"भाऊ आहे."

कुणीच हसलं नाही. बाईंनी घडीचा कागद काढला, उघडला, त्यातलं वाचलं, पेनने एक रेघ मारली. ती रेघ कागदावरून जाताना तिला ऐकू आली. नंतर त्यांनी खाली दुसरं काहीतरी लिहिलं आणि कागद ड्रायव्हरच्या हातात दिला.

ते कागदाकडे बघत राहिले. तिला वाटलं, परत देतील. त्यांनी परत दिला नाही. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिशावर हात ठेवला, आणि मग गाडी सरळ केली.

"फावडं आणा," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. तिने आणलं.

आवक वही, पान सात, दुरुस्ती

विचारून खात्री केली: ~~हो~~ नाही.
सही. आजची तारीख.
(खाली बाईंच्या अक्षरात:) ढीग बाजूला. ताडपत्री. कुणीही घरी नेऊ नये. नेलेलं परत आणावं. वाफा क्रमांक नऊ खरवडला, तीन वर्षं फक्त गवतवर्गातली पिकं, मका चालेल.

वाफा क्रमांक नऊ

दोघं खरवडत होते. ती एका टोकाकडून, ड्रायव्हर दुसऱ्या. सकाळी जे बारा गाड्या पसरलं, ते तीस गाड्या होऊन निघालं, कारण खालची मातीही घ्यावी लागली. एकदा ते म्हणाले, "चार बोटं खोल?" आणि ती म्हणाली, "पाच." आणि टेप काढून दाखवली. एवढंच.

वाफ्याच्या मध्यावर दोघं समोरासमोर आले, तेव्हा तिचा फोन वाजला.

"ताई." भावाचा आवाज. जरा पडलेला. "त्या दिवशी मी फटकन ठेवला. डोक्यात नको ठेवू."

"नाही ठेवलं. एक ऐक. गवत विकणाऱ्याचा नंबर दे."

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. रागाव हवं तर. पण आधी मागच्या दाराने बाहेर जा."

"कशाला?"

"वहिनीच्या टोमॅटोत जा. शेंड्याकडची पानं बघ, नवी, सगळ्यांत वरची. आणि मला सांग, सपाट आहेत की वाटीसारखी."

"ताई, मी कामात—"

"मी फोन धरून आहे. तुला आज विचारतेय. जा."

दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. मग पायरी. मग वाळल्या पाचोळ्यातून चालणारी पावलं, मोठमोठी, घाईची. ड्रायव्हर फावडं टेकून तिच्याकडे बघत होते. पावलं हळू झाली.

मग थांबली.

"ताई," तो म्हणाला, "वाटीसारखी आहेत. नंबर लिहून घे."